ब्लॅकपूलला गेलात तर स्टॅनले पार्क चुकवू नका

आम्ही मँचेस्टरहून पोरांना घेऊन गेलो होतो, टॉवर बघून झाला, बीचवर वारा एवढा की वडे तोंडात जायच्या आधी वाळूत, म्हणून चालत अर्ध्या तासावर हे पार्क गाठलं आणि खरं सांगते दिवस वसूल झाला!! एंट्री फ्री. 1926 ला उघडलंय, डिझाइन थॉमस मॉसन या बागा आखणाऱ्या डिझायनरचं. मधे इटालियन गार्डन, कारंजं, पलीकडे बोटिंगचं मोठं तळं, आणि डॉ. कॉकर म्हणजे गावच्या पहिल्या मेयरच्या आठवणीत बांधलेला घड्याळाचा टॉवर.

मधल्या काळात रया गेली होती म्हणे, मग तिकडच्या राष्ट्रीय लॉटरीच्या फंडाच्या पैशातून दुरुस्ती झाली आणि 2017 ला यूकेतलं बेस्ट पार्क म्हणून निवडून आलं. पार्कातले सिंहांचे पुतळे मात्र कॉपी आहेत हां, ओरिजिनल 2013 ला त्यांच्या मूळ जागी, म्हणजे स्टो हाउस या जुन्या हवेलीला परत गेले, पण आमच्या धाकट्याला काय त्याचं, तो पंजाला हात लावून गुरगुरत बसला.

तळ्याकाठी बदकांची घाण फार, पांढरे शूज घालू नका, माझे गेले. बाकी साडेचार स्टार, अर्धा शूजचा कापला.