स्लिम डीव्हीडी ड्राइव्ह, सात-आठ महिन्यांनंतर: डिस्कला दोष देण्याआधी वायर बघा

डिस्कची कॉपी मध्येच अडते म्हणून पाठवलेला ड्राइव्ह सर्व्हिस सेंटरवरून परत आला तो 'नो फॉल्ट फाउंड' अशी चिठ्ठी लावून. फोनवरचा मुलगा म्हणाला, "सर, ड्राइव्ह ओके आहे, तुमच्या डिस्कच खराब आहेत." लातुरात ज्या दुकानातून घेतला, तिथंही तेच, "काका, जुन्या सीड्या हायेत, त्या कुठं चालतेत आता!" तीच डिस्क घरच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये शेवटपर्यंत वाचली जाते, एवढं मला दोघांनाही समोर दाखवायचं होतं. बघायलाच कुणी तयार नाही. संताप त्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

ड्राइव्ह नेहमीचाच आहे, बाहेरून यूएसबीला लावायचा, दीड हजाराच्या आतला, वेग डीव्हीडीला ८एक्स, सीडीला २४एक्स. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह येत नाही आणि घरात कपाटभर सिनेमे पडून आहेत. मोझर बेअरनं २८ रुपयांत व्हीसीडी (सिनेमाच्या सीडी) काढल्या त्या काळात आमच्या घरी दर बाजाराला एखादी यायचीच. एका डिस्कमध्ये ७४ ते ८० मिनिटंच मावतात, म्हणून एका सिनेमाच्या दोन डिस्क. पैसे मोजून घेतलेली ही वस्तू आहे आणि त्यातले काही मराठी सिनेमे आज शोधूनही सापडत नाहीत. ते हार्ड डिस्कवर सुरक्षित ठेवावेत, एवढ्यासाठी हा खर्च.

सुरुवातीला काम छान झालं. मग 'सायक्लिक रिडंडन्सी चेक', म्हणजे डेटा नीट वाचता येत नाही अशी विंडोजची एरर, सुरू झालं. कॉपी तीस टक्क्यांवर अडकायची. तीच डिस्क काढून पुन्हा घातली की साठच्या पुढं जाऊन अडकायची. मला खटकलं ते इथंच. ओरखडा जागा बदलत नाही. डिस्कमध्ये दोष असेल तर एरर दर वेळी जवळपास त्याच ठिकाणी यायला पाहिजे. जागा बदलत असेल तर संशय ड्राइव्हवर, वायरवर आणि करंटवर घ्यायचा. ही साधी परीक्षा सर्व्हिसवाल्यांनी का करू नये?

आता ती वायर. ड्राइव्हच्या पोटात खाच आहे, तिच्यात गुंडाळून ठेवलेली, वीतभर लांब, बारीक, आणि ड्राइव्हलाच कायमची जोडलेली. काढून दुसरी लावायची सोय नाही. डेस्कटॉपला लावली तर ड्राइव्ह कॅबिनेटच्या टपावर तिरका ठेवावा लागतो. यूएसबी २.० चं पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतं आणि डिस्क वेग घेताना मोटरला त्याहून जास्त लागू शकतं. तेवढ्या क्षणी दिवा विझतो, आतून 'टक्' असा आवाज येतो, विंडोजचा डिव्हाइस निघाल्याचा सूर वाजतो आणि स्क्रीनवर एरर येते ती मात्र डिस्कच्या नावानं. वायर पुरत नाही म्हणून एक्स्टेन्शन लावावी तर बारीक वायरीत व्होल्टेज आणखी पडतं. सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर दणकट पोर्ट असणार, तिथं सगळं ओकेच दिसणार.

शेवटी स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घेतला, ५ व्होल्ट २ अँपिअरचा. अडकणाऱ्या बहुतेक डिस्क एका दमात कॉपी झाल्या. हब घ्यायचा नसेल तर निदान कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मदरबोर्डवरच्या मागच्या पोर्टला लावून बघा, किंवा दोन यूएसबी टोकांची वायर येते तसला ड्राइव्ह घ्या.

तेव्हा मी या ड्राइव्हला एक स्टार द्यायच्या तयारीत होतो. पुढं मत बदललं, कारण हब लावूनही ज्या डिस्क राहिल्या त्या खरोखरच डिस्कमुळे अडत होत्या, ठरलेल्या जागी. त्या धुतल्या. बोअरचं पाणी वापरू नका, आपल्याकडं त्यात इतका क्षार असतो की वाळल्यावर पांढरे ठिपके उरतात. जारचं पाणी, थेंबभर डिशवॉश, मऊ सुती कापड आणि पुसायचं मधून कडेकडं, गोल गोल नाही. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो ट्रॅकच्या दिशेनं लांबत जातो आणि सलग डेटा खातो. आडवा ओरखडा डिस्कवरच्या दुरुस्ती-कोडला (हरवलेला डेटा भरून काढणाऱ्या जादा डेटाला) सांभाळता येतो. सीडीची छापील बाजूही जपा. सीडीत डेटाचा थर त्या बाजूला लॅकरच्या लगेच खाली असतो, तिथं खरवडलं की गेलं. डीव्हीडीत तो दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो.

मग वेग. इमगबर्न या डिस्क कॉपी करायच्या प्रोग्रॅममध्ये रीड स्पीड ४एक्सवर आणला आणि हट्टी डीव्हीडी शांतपणे वाचल्या गेल्या. कागदी स्टिकर चिकटवलेल्या, लग्नाच्या शूटिंगच्या डिस्क जोरात फिरल्या की थरथरतात, त्यांना तर कमी वेगच लागतो.

खरा आनंद दिला तो लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू या खराब डिस्कमधून डेटा काढायच्या प्रोग्रॅमनं. हा आधी चांगला भाग उचलून घेतो, अडलेल्या जागा मॅप फाइलमध्ये टिपतो आणि नंतर फक्त त्यांच्याच मागं लागतो. तीच मॅप फाइल घेऊन डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली तर आधी राहिलेली भोकंच तेवढी भरतो. माझ्या एका डीव्हीडीत या स्लिमला जे जमलं नाही ते डेस्कटॉपवाल्यानं वाचलं, आणि डेस्कटॉपवाला अडला ते या स्लिमनं. दोघांनी मिळून अख्खा सिनेमा उभा केला! न वाचलेल्या भागाचा आकडा शून्यावर आलेला बघून मी घरातल्यांना हाक मारून दाखवला.

व्हीसीडीला मात्र ही युक्ती चालत नाही. तिचा व्हिडिओ २३२४ बाइटच्या सेक्टरमध्ये (डेटाच्या तुकड्यांत) असतो, त्याला नेहमीच्या डेटा सीडीतला जादा दुरुस्तीचा थर नसतो, आणि लिनक्सवर सिनेमाची डीएटी फाइल साधी कॉपी करायला गेलं तर चांगल्या डिस्कवरही इनपुट-आउटपुट एरर येते. तिथं व्हीसीडीएक्सरिप हा खास व्हीसीडीचा प्रोग्रॅम वापरा. डबल लेयर डीव्हीडी दर वेळी निम्म्यावरच अडत असेल तर थर बदलताना लेन्सचा फोकस बसत नाहीये, लेन्सवरची धूळ बघा. आमच्याकडं उन्हाळ्यात ती बसतेच. आणि सिनेमाच्या फाइलींत सगळीकडंच एरर असेल तर बऱ्याचदा तो सीएसएसच्या, म्हणजे डीव्हीडीची कॉपी रोखायला घातलेल्या कुलपाचा प्रकार असतो. त्यात पाणी आणि हब दोन्ही कामाचे नाहीत, शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात त्याबद्दल ६५अ कलम आहे, त्या वाटेला मी गेलो नाही.

आज तीन स्टार देतो. वाचायची ताकद या ड्राइव्हमध्ये नक्की आहे, दोन स्टार कापले ते वायरचे आणि त्या चिठ्ठीचे. घेताना बॉक्स दुकानातच उघडायला लावा आणि वायर सुटी निघते का ते बघून मगच पैसे द्या.