एटीएफची गळती शोधायची तर यूव्ही डाय की पावडर?

गाडीखाली लाल ऑइलचा डाग दिसला, बोट लावून बघितलं, एटीएफच (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आहे, इथपर्यंत सगळे पोचतात, खरा घोळ पुढे असतो, की गळतंय नेमकं कुठून. माझ्या जुन्या ऑटोमॅटिक सेडानवर (टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे क्लचऐवजी ऑइलमधून इंजिनची ताकद गिअरबॉक्सला पोचवणारी, एएमटी नाही) मी दोन्ही प्रकार करून बघितले, आधी डाय आणि मग पावडर, त्यामुळे कुणी या दोन्हीत अडकलं असेल तर हे उपयोगी पडेल.

आधी एक सांगतो, डाग जिथे पडतो त्याच्या बरोबर वर गळती असेल असं समजू नका. गाडी चालताना हवेने ऑइल मागे उडतं, हाउसिंगवरून ओघळतं आणि शेवटी पॅनच्या सगळ्यात खालच्या बोल्टवरून टपकतं, मग जो बघतो तो म्हणतो पॅनचं गॅस्केट गेलंय. मलाही तेच सांगितलं, मी बदललं, आणि आठवड्याने पार्किंगच्या फरशीवर पुन्हा तोच डाग.

डाय वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. थोडासा डाय ऑइलमध्ये टाकायचा, गाडी फिरवून आणायची, अंधारात पिवळा चष्मा लावून यूव्ही टॉर्च मारायचा, गळतीची वाट हिरवट-पिवळी चमकते. चार-चार दिवसांनी एखादा थेंब पडणारी गळती यातच सापडते. आणि बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कव्हरच्या) खालून टपकत असेल तर तिथे इंजिनचं मागचं सीलही असू शकतं आणि गिअरबॉक्सचं पुढचं सीलही, ऑइल जुनं होऊन काळपट झालं की रंगावरून कळत नाही, पण डाय फक्त गिअरबॉक्समध्ये टाकलेला असला की चमक दिसल्यावर वाद संपतो.

पण माझ्या गिअरबॉक्सला डिपस्टिकच (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) नाही, आणि माझ्यासाठी गाडी तिथेच अडली. हल्लीच्या बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये नसते. म्हणजे डाय टाकायला गाडी रॅम्पवर सपाट घ्या, फिलर प्लग उघडा, मग ऑइल ठराविक तापमानाला आल्यावर ओव्हरफ्लो प्लग काढून लेव्हल बघा. एवढं करताना ऑइल थोडं तरी सांडतंच, माझंही सांडलं, मेकॅनिकने फडक्याने नीट पुसलं होतं, तरी रात्री टॉर्च मारला तर पॅन, बोल्ट, खालचा क्रॉसमेंबर सगळंच चमकत होतं. दोनदा डिग्रीझरने धुतलं तरी खाचाखोचांतली चमक जाईना, आता ही गळती की सांडलेलं, कसं ठरवणार? अर्धा रविवार गाडीखाली पडून राहिलो आणि हाती काहीच लागलं नाही.

पावडर म्हणजे साधी टॅल्कम. गाडी पूर्ण थंड झाली की खालचा भाग डिग्रीझरने धुवायचा, कोरडा होऊ द्यायचा, मग ब्रशने पावडरचा पातळ थर मारायचा. रांगोळी नको, कणीदार असते, आणि चुना तर नकोच, अ‍ॅल्युमिनियम खातो. नंतर सात-आठ किलोमीटर फिरून यायचं, गाडी स्टँडवर घ्यायची (नुसत्या जॅकवर असताना खाली जाऊ नका, प्लीज) आणि बघायचं. मला कूलरच्या (गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या) पाइपच्या जोडापासून खाली आलेली एकच लाल रेघ दिसली, पॅन कोरडा ठणठणीत. जोडातली ओ-रिंग बदलली, काम झालं.

सोबत रात्री खाली पुठ्ठा ठेवा आणि चाकांची जागा खडूने आखा. कूलरच्या लाइनमध्ये इंजिन चालू असतानाच प्रेशर असतं, त्यामुळे तिथली गळती बहुतेक चालवल्यावर दिसते. उलट गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की टॉर्क कन्व्हर्टरमधलं ऑइल हळूहळू पॅनमध्ये उतरतं, लेव्हल चढते आणि गिअर सिलेक्टरच्या शाफ्टचं सील वगैरे जरा वरची सीलं तेव्हाच गळतात. पुठ्ठ्यावरचा डाग उभ्या गाडीचा की नुकत्याच फिरून आलेल्या, हे लिहून ठेवलंत तर निम्मं काम होतं.

पावसाळ्यात मात्र पावडर टिकत नाही, पहिल्याच डबक्यात धुऊन जाते, आणि बेलहाउसिंगच्या आत तर पोचतच नाही, तिथे डायच बरा. तुमच्या गाडीला डिपस्टिक असेल तर डाय टाकणं सोपं आहे, कदाचित तुमचं मत वेगळं होईल. मी मात्र आधी पावडरच मारेन, कारण दुरुस्तीनंतर ओल्या फडक्याने पुसून पुन्हा थर देता येतो, आणि मग त्यावर उमटलेली रेघ नवीच असते.