नातवंडांची फेसाची अंघोळ: टब की बादली?

नाशिकच्या थंडीत अंघोळीला नको म्हणणारी नातवंडं फेस दिसला की स्वतःहून कपडे काढतात. मजेत टबच सरस. फेसाचा ब्रह्मगिरी रचायचा, वरून तांब्याने गोदावरी सोडायची. नातीला याहून मोठं सुख नाही! पण फेसाखालचं पाणी दिसत नाही, आणि लहान मूल पाच सेंटिमीटर पाण्यातही आवाज न करता बुडू शकतं. म्हणून पाणी बसलेल्या मुलाच्या बेंबीच्या खालीच ठेवावं, आधी गार मग गरम ओतावं, साधारण 37 अंश पुरे. दाराची बेल वाजली तर मुलाला टॉवेलात गुंडाळून सोबत न्यावं. फेसाच्या द्रवाने त्वचा कोरडी पडते, मुलींना लघवीच्या जागी जळजळही होते. दहा मिनिटं बास, शेवटी साधं पाणी.

बादलीपुढे पाटावर बसवलं तर पाणी कमी लागतं, फेस ओंजळीपुरता. मात्र भरलेल्या बादलीत रांगतं मूल डोक्यावर पडू शकतं, म्हणून ती लगेच रिकामी करावी.

दोन वर्षांखालच्यांना मी पाटावरच बसवीन. मोठ्यांना रविवारी टब, आजी किंवा आजोबा हाताच्या अंतरावर.