मालागा: अल्काझाबा की जिब्राल्फारो?

स्पेनमधल्या मालागात एकच किल्ला पाहायला वेळ असेल, तर अल्काझाबाच पाहा. 11व्या शतकातला हा राजवाडावजा किल्ला. पायथ्याशी रोमन नाट्यगृह आहे, ते 1951 साली उजेडात आलं. त्याचेच खांब मूरांनी, म्हणजे तेव्हाच्या इथल्या मुस्लिम राज्यकर्त्यांनी, किल्ल्याच्या दरवाजांत बसवले; कमानीखाली उभं राहिलं की ते सहज ओळखू येतात. आत अंगणाअंगणातून खेळवलेलं पाणी, भर उन्हातही गारवा!

जिब्राल्फारो 14व्या शतकातला, लष्करी कामाचा. आत बघण्यासारखं बेताचंच, पण तटावरून बंदर आणि बैलझुंजीचं रिंगण थेट पायाखाली दिसतं. चढ दमवतो, वर बस जाते. एकत्रित तिकीट मिळतं, मात्र एका किल्ल्यातून दुसऱ्यात आतून जाता येत नाही, बाहेर पडूनच चढावं लागतं.