शाळेचा डबा: चार क्लिपांचा, स्टीलचा

बेळगावात खडे बाजारात मिळणारा हा डबा चपाती-भाजीला उत्तम, आमटी-भाताला मात्र जपून. गळतो तो बहुधा रबरी रिंगेमुळे. धुताना काढलेली रिंग उलटी बसली किंवा तिच्याखाली एखादं शीत अडकलं, की दप्तर पिवळं झालंच समजा. घेताना दुकानातच पाणी भरून उलटा धरा, जादा रिंगही मागून घ्या. गरम भात भरून लगेच झाकण लावू नका: वाफ निवली की झाकण आत ओढलं जातं आणि पहिलीतल्या पोराला ते उघडतच नाही. १० मिनिटं थांबा. इथल्या पावसाळ्यात ओल्या रिंगेला काळी बुरशी धरते. रात्री काढून वेगळी वाळवा. लहानग्यांना ५०० मिलीचा पुरे, मोठा घेतलात तर अर्धा परत येतो.