तीन लेडी, तीन खून: वाचायला आधी कोणती घ्यावी?

ऐतिहासिक रहस्यकथा वाचायची आहे, तपास करणारी बाई उमराव घराण्यातली हवी, पण इंग्रजीत इतक्या मालिका आहेत की हात कुठे घालावा कळत नाही, असं भाची म्हणाली. मी तिच्यासमोर तीन ठेवल्या. तिन्ही नायिका आपली गोष्ट स्वतःच सांगतात. मी प्रत्येकीत एकच पाहते: या बाईला उंबरठा ओलांडायची मुभा मिळाली कशी?

डिआना रेबर्नच्या 'सायलेंट इन द ग्रेव्ह'मध्ये (2007) ती वैधव्यातून मिळते. लंडन, 1886. घरी पाहुणे जमलेले असताना लेडी ज्युलिया ग्रेचा नवरा कोसळतो आणि मरतो. निकोलस ब्रिस्बेन नावाचा खाजगी तपासनीस तिला सांगतो, हा खून असू शकतो. ती त्याला वाटेला लावते. वर्षभर काळे कपडे घालून झाल्यावर नवऱ्याचं सामान आवरताना तिच्या हाती बायबलमधल्या स्तोत्राची ओळ असलेली धमकीची चिठ्ठी लागते. तेव्हा तिला स्वतःचीच चीड येते आणि इथून पुस्तक पकड घेतं. गती मात्र संथ आहे. ज्युलिया आणि ब्रिस्बेनचं नातं पुस्तकागणिक पुढे सरकतं, त्यामुळे ही मालिका क्रमानेच वाचा.

ऱ्हिस बोवेनच्या 'हर रॉयल स्पायनेस'मधली (2007) लेडी जॉर्जियाना राजघराण्याच्या नात्यातली, पण खिसा रिकामा. 1932 साल. भावाने खर्चाचे पैसे बंद केल्यावर ती लंडन गाठते आणि पोटासाठी लपूनछपून बड्या लोकांची बंद घरं झाडून-पुसून द्यायला लागते. एक दिवस तिच्याच घरातल्या बाथटबमध्ये एका फ्रेंच माणसाचं प्रेत सापडतं. भाषा सोपी, प्रसंग हलके. इंग्रजी कादंबरीची फार सवय नसेल तर बेलाशक हीच घ्या.

माझा जीव मात्र ॲना ली ह्यूबरच्या 'द ॲनाटॉमिस्ट्स वाइफ'वर (2012) आहे. लेडी डार्बी, म्हणजे किएरा, चित्रकार. शरीरशास्त्रज्ञ नवऱ्याने तिला बळजबरीने चिरफाड केलेल्या प्रेतांची चित्रं काढायला लावलेली. नवरा गेला आणि ही गोष्ट बाहेर फुटली, तेव्हा लोकांनी तिलाच राक्षसीण ठरवलं. कथा 1830 च्या स्कॉटलंडमध्ये घडते, म्हणून हा राग समजून घ्यायला हवा. 1828 मध्ये एडिनबरात बर्क आणि हेअर या दोघांनी 16 माणसं मारून त्यांची प्रेतं शरीरशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. रॉबर्ट नॉक्सला विकली होती. जानेवारी 1829 मध्ये बर्क फासावर गेला. तोवर डॉक्टरांना शिकायला कायद्याने जवळपास फक्त फाशी गेलेल्या खुन्यांचीच प्रेतं मिळत, म्हणून चोरबाजार फोफावला. कायदा बदलला 1832 मध्ये. या भीतीच्या मधोमध किएरा बहिणीच्या घरी आसरा घेते आणि तिथेच खून होतो. संशयही तिच्यावर, आणि प्रेत बघून काही सांगू शकेल अशीही तीच. ज्या ज्ञानाची तिला किळस आहे, तेच वापरायची वेळ तिच्यावर येते. हे वाचताना माझ्या घशात आवंढा आला होता. रक्ताचं वर्णन सोसत नसेल तर आधी ज्युलियाकडे जा, पण किएराला कायमचं बाजूला टाकू नका.

आपल्या मातीतलं काही हवं असेल तर सुजाता मॅसीची पर्वीन मिस्त्री आहे. ती उमराव नाही, 1921 च्या मुंबईतली पारशी वकील आहे. तिच्यामागे भारतातल्या पहिल्या महिला वकिलांपैकी एक, कॉर्नेलिया सोराबजी, यांची प्रेरणा आहे. त्या 1866 मध्ये नाशिकला जन्मल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. मालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकात, 'द सातापूर मूनस्टोन'मध्ये, पर्वीन सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात जाते. तिथल्या दोन महाराण्या पडद्यात राहतात, परक्या पुरुषाला आत जाता येत नाही. भाचीने शेवटी हेच पुस्तक उचललं.