काल ओट्टु, आज शिट्टी: चेन्नईतल्या एका जुन्या थिएटरात

थिएटरचं नाव लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि बाल्कनीच्या दारावरच्या काकांनी न कुरकुरता माझी मोडकी खुर्ची बदलून दिली होती. त्यांना माझ्यामुळे कुणी बोलायला नको. चेन्नईत अशी जुनी एकपडदा थिएटरं अजून टिकून आहेत, त्यांतलंच एक समजा.

मी सोलापूरची. बँकेत आहे, बदलीने इथे आले त्याला दोन वर्षं होतील. १९ एप्रिल २०२४ ला तमिळनाडूत लोकसभेचं मतदान झालं, त्यात मला मायक्रो ऑब्झर्व्हरची ड्युटी लागली, म्हणजे मतदान नीट होतंय का ते बघायचं आणि फॉर्मात नोंदवायचं. पहाटेपासून रात्रीपर्यंत एका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकावर. बाहेर उन्हात रांग, पण आवाज म्हणून नाही. माणसं येत होती, बोटाला शाई लावून घेत होती, यंत्राचा तो लांबलचक बीप ऐकून निमूट बाहेर पडत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या शाखेतल्या ऑफिस असिस्टंटचा फोन आला. वयाने लहान आहे, मी त्याला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणते. "मॅडम, 'घिल्ली' परत लागलाय. मी आणि बायको जातोय, एक तिकीट जास्तीचं आहे. तुम्ही याच." तमिळ हिरो विजयचा २००४ सालचा सिनेमा, वीस वर्षांनी ४के करून पुन्हा आणलेला. म्हटलं, जुनाच तर आहे, गर्दी कुठली असणार!

फाटकाबाहेर विजयचा दोन मजली कटआऊट, गळ्यात माझ्या उंचीचा हार आणि खाली ढोल. एक पोरगा शिडीवर चढून दुधाची पिशवी दातांनी फोडत होता. पालाभिषेकम, कटआऊटला दुधाचा अभिषेक. नवा सिनेमा असता तर हे सगळं पूर्वी पहाटे चारला चालायचं. जानेवारी २०२३ मध्ये अशाच एका पहाटेच्या जल्लोषात एक तरुण लॉरीवरून पडून दगावला, तेव्हापासून तमिळनाडूत नऊच्या आधी खेळ लावायला परवानगी मिळत नाही. शेजारच्या केरळात, कर्नाटकात मात्र पहाटे लागतात. तंबीला ते अजून लागतं. "आमचाच हिरो, आणि आमच्या आधी ते बघतात!"

तिकीट १२० रुपये. इथे कमाल दर सरकार ठरवतं, मल्टिप्लेक्सलासुद्धा तेव्हा मूळ तिकीट दीडशेच्या वर नेता येत नव्हतं. पुण्यात चारशे मोजून शेजाऱ्याच्या पॉपकॉर्नची कुरकुर ऐकणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आता तक्रारी. एसी फक्त खालच्या काही रांगांपुरता, बाल्कनीत भिंतीवरचे पंखे. डावीकडचा स्पीकर ढोल वाजला की फाटतो. सबटायटल नाहीत. आणि बायकांच्या स्वच्छतागृहातल्या दोनपैकी एका दाराला कडीच नाही, बाहेर कुणीतरी दार धरून उभं राहायचं. मी एका अनोळखी बाईसाठी धरलं, तिने माझ्यासाठी. नंतर कळलं की ती माझ्याच शेजारच्या खुर्चीवर आहे. तिथून तिने मला "अक्का" करून टाकलं आणि सबटायटलांचं काम स्वतःकडे घेतलं.

अर्थात भाषांतराची फारशी गरज पडली नाही, कारण संवाद ऐकूच येत नव्हते. पडद्यावरचा नट तोंड उघडायच्या आत वाक्य खालून यायचं, आठशे जणांच्या आवाजात. नायकाच्या एंट्रीला कागदाचे कपटे उडणार हे मला ठाऊक होतं. खलनायकालाही तेवढ्याच शिट्ट्या मिळतील हे नव्हतं. प्रकाश राजने नायिका त्रिशाला "चेल्लम" म्हणायचं असतं. अर्थ आपल्या 'राजा-सोन्या'सारखा लाडाचा, पण त्याच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा येतो. तो म्हणायच्या आधी अख्खं थिएटर क्षणभर गप्प झालं आणि मग सगळ्यांनी मिळून म्हटलं. शेजारीण तर डोळे मिटून म्हणत होती. तिच्या मांडीवरचा मुलगा सहा-सात वर्षांचा, म्हणजे सिनेमाहून लहान. त्यालाही पाठ!

गोष्ट कबड्डीपटूची आहे. मदुरैला सामन्यासाठी गेलेला पोरगा एका मुलीला गुंडाच्या तावडीतून सोडवतो आणि चेन्नईला घरी आणून लपवतो, बाप पोलिसात. बाकी कथा तुम्हाला रचता येईल. कबड्डीला तमिळमध्ये जुना शब्द सडुगुडु, आपला हुतूतू. लहानपणी मैदानाच्या कडेला बसून पुष्कळ हुतूतू पाहिलंय म्हणून सांगते, विजयची चढाई बघायला छान असली तरी एवढ्या वेळात दम तीनदा सुटला असता. हे मी शेजारणीला सांगितलं नाही. तेवढी अक्कल आहे.

मग 'अप्पडी पोडु' लागलं. विद्यासागरचं संगीत, गळा आपल्या केकेचा आणि अनुराधा श्रीरामचा. खालची अर्धी माणसं खुर्च्या सोडून पडद्यासमोर गेली. गाणं संपलं आणि आरोळी उठली, "वन्स मोर! वन्स मोर!" आणि ऑपरेटरने खरंच सिनेमा मागे नेऊन गाणं पुन्हा लावलं. माझे आजोबा सांगायचे, संगीत नाटकात एकेका पदाला तीन-तीन वन्समोअर पडायचे आणि नाटक उजाडेपर्यंत चालायचं. मला ती आजोबांची थाप वाटायची. इथे चाहत्यांच्या मंडळाला रसिगर मन्रम म्हणतात. रसिगर म्हणजे रसिकच. आपल्याकडचा रसिक मान डोलावतो, हा शर्ट काढून फिरवतो.

दुसऱ्या वेळी नाचणाऱ्यांचे हात वर गेले आणि पडद्याच्या उजेडात मला बोटं दिसली. प्रत्येक डाव्या तर्जनीवर कालची शाई. कालच्या रांगेत अशीच माणसं उभी होती, चप्पल घासल्याचाही आवाज न करता. विजयने त्याच फेब्रुवारीत स्वतःचा पक्ष जाहीर केला होता, या निवडणुकीत तो उतरला नव्हता, पण कुणीतरी "सीएम!" म्हणून ओरडलंच. तमिळ सिनेमाचे जुने हिरो एमजीआर पडद्यावरून मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीत गेले आणि १९८० मधले काही महिने सोडले तर १९७७ पासून १९८७ मध्ये जाईपर्यंत तिथेच राहिले, तेव्हा या राज्यात अशा आरोळीला कुणी हसत नाही. मला सवयीने वाटलं, ही घोषणा फॉर्मात नोंदवावी का?

शेजारणीचं लक्ष माझ्या कोऱ्या बोटाकडे गेलं. "ओट्टु पोडलिया, अक्का?" मत नाही टाकलं? मी सांगितलं, माझं नाव सोलापूरच्या यादीत, तिकडे सात मेला. तिला पटलं नाही बहुतेक. पण माझी ट्यूब तेव्हा पेटली. पोडु म्हणजे टाक. ओट्टु पोडु, मत टाक. आणि ज्यावर आठशे जण नाचत होते ते 'अप्पडी पोडु', म्हणजे 'अस्सं टाक!' दोन वर्षं हे गाणं रिक्षांत ऐकत होते, अर्थ त्या दिवशी लागला.

मध्यंतरात कांद्याचे छोटे समोसे घ्या, वीस रुपयांना दोन, कुरकुरीत आणि मिरी सढळ. पफच्या वाटेला जाऊ नका. गाडी नेऊ नका, एकच फाटक असल्याने बाहेर पडायला आम्हाला पाऊण तास लागला. लहान मूल असेल तर बाल्कनीच घ्या. संवाद ऐकून सिनेमा समजून घ्यायचा असेल तर मल्टिप्लेक्स बरं, तिथे सबटायटलही असतात. सोयींना माझे पाचपैकी दोन. प्रेक्षकांना गुण देण्याची रीत नाही, म्हणून एकूण चार लावते.

सोमवारी काउंटरवर पर्स उघडली तर चंदेरी कपटे ग्राहकाच्या चेकवर पडले. तंबी समोरच उभा होता. हळूच म्हणाला, "पुढच्या आठवड्यात अजून एक जुना लागतोय. टिकट पोडट्टुमा, मॅडम?"

"पोडु," म्हटलं.